खोलीच्या दारावरची पाटी

मागच्या व्याख्यानात आपण ई-मेलपाशी थांबलो होतो. आज चॅटरूम. तिथे लोक काय बोलत होते हा आजचा विषय नाही. अनोळखी माणसांच्या शेकडो खोल्या समोर असताना नेमक्या कोणत्या खोलीत शिरायचं, हे माणूस कशावरून ठरवत होता, एवढंच बघू.

सुरुवात १९७१ च्या सुमारास, स्टॅनफर्डला. संगणकावर आत्ता कोणकोण आहे याची यादी मिळायची, पण ती संकेताक्षरांत. लोक पडद्यावर बोट फिरवत ओळखीचा माणूस शोधायचे. ते पाहून लेस अर्नेस्ट यांनी खरी नावं दाखवणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नावच ठेवलं फिंगर! पुढे त्यात 'मी कुठे आहे, केव्हा येईन' हे लिहायची सोय झाली. लोक मात्र तिथे वाट्टेल ते लिहू लागले. प्रोफाइलचं हे बाळरूप, असं मी मानतो.

१९७३ साली इलिनॉय विद्यापीठात डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक केलं. खोल्या सहा, प्रत्येकीत बोलणारे फार तर पाच. ठरावीक माणसाला बोलावणं धाडायची सोयच नाही. पारावर जाऊन बसायचं, कोण येतं ते बघायचं.

खरी निवड आली १९८८ मध्ये. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी सुरू केलं. 'लिस्ट' म्हटलं की ओळीमागून ओळ: खोलीचं नाव, आत किती माणसं, आणि विषयाचं एक वाक्य. हे वाक्य आतलीच माणसं लिहीत आणि बदलीत. आणखी गंमत म्हणजे, नसलेल्या खोलीचं नाव टाइप केलं की खोली तयार. शेवटचा माणूस बाहेर पडला की खोलीच नाहीशी. बर्कलीला हे फार आवडलं असतं, बरं का!

आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मग सायबर कॅफे आले, याहू चॅट आलं. प्रोफाइलच्या पानावर नाव, वय, गाव, व्यवसाय, आवडी. तपासणारं कुणी नाही. त्यामुळे आत पाऊल टाकताच पुन्हा तेच विचारलं जाई: 'एएसएल?' म्हणजे वय, लिंग, ठिकाण. पानावर लिहिलेलं असताना का विचारायचं? माझ्या मते, माणूस उत्तर कसं देतो यावरून त्याची थोडी पारख होते. लिहून ठेवलेल्या पाटीवरून ती होत नाही.

याहूवर लोकांना स्वतःच्या खोल्याही उघडता येत. जून २००५ मध्ये कंपनीनं त्या बंद केल्या. काही खोल्यांची नावंच मुलांच्या लैंगिक शोषणाकडे उघडउघड खुणावणारी होती, आणि ते उजेडात आल्यावर मोठ्या जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. कारण रास्त होतं, यात मला शंका नाही. पण सुतारकाम, कविता, खगोलशास्त्र अशा साध्या विषयांसाठी कुणाला स्वतःची खोली मांडायची असेल, तर त्याचाही हक्क त्याच फटक्यात गेला. राहिल्या त्या कंपनीनं नावं दिलेल्या खोल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनाही कुलूप लागलं.

आयआरसी अजून चालू आहे. नसलेल्या खोलीचं नाव टाइप केलं, की आजही ती उघडते.