अंग का आंबते?

क्रीडास्पर्धांच्या दुसऱ्या दिवशी मुले कुरकुरतात, 'सर, अंग आंबलंय.' आपणही सांगून टाकतो, 'स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठलंय.' मराठी शब्दातच आंबटपणा असल्याने ते पटतेही. पण हे उत्तर चुकीचे आहे.

त्याचे मूळ १९०७ साली केंब्रिजमध्ये सापडते. फ्लेचर व हॉपकिन्स यांना बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल वाढलेले दिसले; ऑक्सिजन मिळताच ते कमी झाले. पुढे स्नायूंवरील संशोधनासाठी हिल व मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि या आम्लाचा दबदबा वाढला. थकवा म्हणजे आम्ल, तर दुखणेही आम्लामुळेच, असे समीकरण रूढ झाले. वास्तविक १९०२ मध्येच थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने असे दुखणे स्नायूंतील बारीक फाटण्यामुळे येत असावे, असे सुचवले होते.

निकाल लागला तो रक्ताच्या तपासणीने. १९८३ मध्ये अमेरिकेत श्वेन व सहकाऱ्यांनी काही जणांना यांत्रिक पट्ट्यावर ४५ मिनिटे धावायला लावले. एकदा सपाट, एकदा उतारावर. सपाट धावताना रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढले, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर ते वाढलेच नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले! सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा वेग आवरत असतो, आणि त्यात त्याचे तंतू दुखावतात.

शिवाय वाढलेले आम्ल विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी ते दुखवणार कसे?

म्हणून खेळाडू सावरला का, हे पाहण्यासाठी व्यावसायिक संघ क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात मोजतात. ते एरवी स्नायूपेशींच्या आत असते. पेशी दुखावल्या की झिरपून रक्तात येते आणि एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक काळ, चढलेले राहते. स्नायूंच्या आजारांत ते वाढते, हे जपानमध्ये एबाशी यांनी १९५९ मध्येच दाखवले होते.

मात्र आकडा वाचताना सावध राहावे लागते. ग्रीसमधील मूगिओस यांनी २००७ मध्ये पुरुष खेळाडूंसाठी या विकराची वरची मर्यादा लिटरला १०८३ युनिट इतकी काढली. प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात ती याच्या कितीतरी खाली असते. त्या तक्त्यावरून पाहिले, तर सरावातला धडधाकट खेळाडूही आजारी ठरेल. त्यातही माणसामाणसांत फार फरक. त्यामुळे जाणकार डॉक्टर खेळाडूचा आकडा शेजाऱ्याशी ताडत नाहीत. हंगामापूर्वी, पुरेशा विश्रांतीनंतर घेतलेला त्याचाच आकडा शेजारी ठेवतात.