शिपाई, ओतारी आणि चितारी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कलासंग्रहालयात एक लहानसे, काळपट छटेचे तैलचित्र आहे. उद्ध्वस्त रानात जर्मन शिपाई हात वर करून शरण येत आहेत. आकाशातून जळती विमाने कोसळत आहेत. रंगाचे थरावर थर चढून चित्राचा पृष्ठभाग खडबडीत झाला आहे आणि लाकडी चौकटीवर शिरस्त्राणे, बंदुका, हातबाँब कोरून बसविले आहेत. चित्राचे नाव ‘युद्धाची अखेर : घराकडे प्रयाण’. ते पुरे होण्यास तीन वर्षे लागली, कारण ज्या हाताने ते रंगविले, तो हात त्याच युद्धात निकामी झाला होता. त्या हाताचा धनी होरेस पिपिन.

पिपिनचा जन्म २२ फेब्रुवारी १८८८ रोजी पेन्सिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर या गावी, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याचे आजीआजोबा गुलामगिरीत वाढलेले. शाळेत शब्द लिहिताना तो शेजारी त्या वस्तूचे चित्र काढी आणि त्याबद्दल शिक्षा भोगी. लहानपणी त्याने कापडाच्या तुकड्यांवर खडूने बायबलातील प्रसंग काढून विकले. एका बाईने ते कापड धुतले, आणि चित्र पाण्याबरोबर वाहून गेले! तिने तक्रार केली, तेव्हा मुलाला तिचे समाधान करणे जड गेले. ही आठवण त्याने पुढे स्वतःच नमूद करून ठेवली आहे.

घरची गरिबी शाळेपेक्षा बलवत्तर ठरली. हॉटेलात हमाली, मग सामान वाहून नेणाऱ्या कंपनीत लाकूडसामान आणि चित्रे पेट्यांत बांधण्याचे काम, आणि शेवटी ओतशाळेत साच्यांत लोखंड ओतण्याचे काम, असे त्याचे तारुण्य गेले. दुसऱ्यांची चित्रे जपून बांधणाऱ्या या माणसाला स्वतःची चित्रे काढण्यास मात्र अवसर नव्हता.

१९१७ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो सैन्यात भरती झाला. त्याची पलटण, पुढे ३६९ वी म्हणून गाजलेली, सारी कृष्णवर्णीयांची. फ्रान्समध्ये उतरल्यावर तिला प्रथम मजुरीचीच कामे मिळाली. गोऱ्या अमेरिकन तुकड्यांच्या बरोबरीने लढण्याचा मान तिला न देता, ती फ्रेंच सैन्याच्या हवाली करण्यात आली. या पलटणीने आघाडीवर १९१ दिवस काढले आणि फ्रान्सने तिला ‘क्र्वा द गेर’ हे शौर्यपदक दिले. १९१८ च्या शरदात एका जर्मन नेमबाजाची गोळी पिपिनच्या उजव्या खांद्यात शिरली. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात तो असहाय पडून राहिला. त्याच्या मदतीस वाकलेला एक फ्रेंच शिपाईही गोळी लागून त्याच्याच अंगावर कोसळला. त्या प्रेताखाली दबून त्याने सुटकेची वाट पाहिली.

परत आल्यावर उजवा हात खांद्याच्या वर उचलणे त्याला अशक्य झाले. अपंगत्वाचे तुटपुंजे निवृत्तिवेतन आणि पत्नीने घेतलेली धुणी यांवर वेस्ट चेस्टरमधील संसार चालू लागला. ती धुणी घरोघर पोचविण्याचे काम त्याचे. अशा एका हिवाळ्यात, १९२५ च्या सुमारास, त्याने शेगडीतील लोखंडी सळई तापविली, ती गुडघ्यावर टेकविली आणि डाव्या हाताने लाकडाची फळी तिच्या टोकावर सरकवीत डागण्या देऊन चित्र काढले. हे चित्र पाण्याने पुसले जाणारे नव्हते. ओताऱ्याची तप्त लोखंडाशी जुनी ओळख होती. ती अशी कामी आली. पुढे डाव्या हाताने उजवे मनगट धरून तो तैलरंगांकडे वळला.

१९३७ साली गावच्या प्रदर्शनात त्याची चित्रे झळकली. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याची चार चित्रे मांडली. जाणकारांनी त्याला ‘स्वयंशिक्षित’ म्हणून गौरविले. परंतु त्या शब्दात त्याच्या शिक्षणाची किंमत पुरी येत नाही. १९४३ च्या ‘मिस्टर प्रेज्युडिस’ या चित्रात विजयचिन्ह असलेल्या ‘व्ही’ अक्षरात एक आडदांड माणूस पाचर ठोकीत आहे, आणि काळे व गोरे शिपाई वेगवेगळे उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धातही वर्णभेद तसाच होता, हे पहिल्या महायुद्धाच्या जखमी शिपायाने जाणले होते.

अखेरच्या काळात त्याने ‘पवित्र पर्वत’ ही मालिका आरंभिली. त्यात सिंह आणि कोकरू शेजारी विसावतात, मुले श्वापदांमध्ये निर्भय खेळतात. पण पाठीमागच्या रानात नीट निरखले तर शिपाई आणि थडगी दिसतात. पहिल्या तीन चित्रांवर त्याने तारखा लिहिल्या: ६ जून १९४४, ७ डिसेंबर १९४४ आणि ९ ऑगस्ट १९४५. पहिली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील उतरणीची, दुसरी पर्ल हार्बरच्या तिसऱ्या स्मृतिदिनाची, तिसरी नागासाकीच्या संहाराची. शांतीचे चित्र रंगविताना त्याने युद्धाचे पंचांग उघडेच ठेवले.

६ जुलै १९४६ रोजी त्याचे निधन झाले. मालिकेतील चौथे चित्र अपुरेच राहिले. युद्धाने त्याचा हात मोडला. त्याच हाताला दुसऱ्या हाताचा आधार देऊन त्याने युद्धाला उत्तर दिले. एका हाताने दुसऱ्याला सावरावे, एवढीच त्याची चित्रविद्या होती, आणि जगालाही त्याने याहून निराळे काही सांगितले नाही.