स्विचमधल्या फाइलींची कुळकथा

कोल्हापुरात उद्यमनगर असो की शिरोली, गोकुळ शिरगावची एमआयडीसी. कारखान्यातल्या नेटवर्क स्विचचं फर्मवेअर बदलायचं तर क्रम ठरलेला असतो. चालू कन्फिग सेव्ह करायची, तिची प्रत लॅपटॉपवर घ्यायची, फ्लॅशमध्ये जागा बघायची, टीएफटीपी या फाइल पाठवायच्या प्रोटोकॉलने नवी इमेज, म्हणजे फर्मवेअरची फाइल, चढवायची, चेकसम ताडायचा आणि मग रीलोड. या पायऱ्या कुणाच्या तरी जुन्या अडचणींतून आल्या आहेत.

ही गोष्ट टेलिफोनच्या स्विचपासून सुरू होते. कोल्हापूरहून महामार्गाने बेळगाव ओलांडून पुढे गेलं की कित्तूर लागतं. १९८६ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं १२८ पोर्टांचं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज तिथे सुरू झालं. उकाड्यात, धुळीत, एसीविना चालणारं. प्रोग्रामवर चालणारा स्विच आपल्या बाजूच्या खेड्यात आला तो असा.

त्या पिढीच्या यंत्रांत प्रोग्राम बहुधा ईप्रॉममध्ये असे. ही चिप इंटेलच्या डोव्ह फ्रोमान यांनी १९७१ मध्ये आणली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की जुना प्रोग्राम पुसला जातो. खिडकीवर चिकटवलेल्या कागदावर आवृत्तीचा क्रमांक लिहीत. नवी आवृत्ती आली की चिप उपटून दुसरी बसवायची.

तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. अख्खा भाग विजेनेच, जागच्या जागी पुसला जाऊ लागला. पण लिहिताना वीज गेली तर स्विचला सुरू व्हायला काही उरत नाही. म्हणून बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम, वेगळ्या जागी ठेवतात, अनेक स्विचमध्ये दोन इमेजची सोय असते, आणि नवी इमेज नीट चालल्याशिवाय जुनी पुसू नये हा जाणत्यांचा आग्रह मला शंभर टक्के पटतो.

कारखान्यात असतो तो इथरनेट स्विच मात्र वयाने लहान. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टांचा 'इथरस्विच' आणला. भारद्वाजांच्या पत्नीच्या नावावरून कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. १९९४ मध्ये ती सिस्कोने घेतली.

टीएफटीपी या स्विचहून जुनं. नोएल चिआप्पा यांनी ते आखलं आणि कॅरन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. छोट्याशा रॉममध्ये मावावं म्हणून त्यातून जवळपास सगळं काढून टाकलेलं: पासवर्ड नाही, फाइलींची यादी नाही. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. त्याहून छोटा तुकडा आला की फाइल संपली. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून मूळ रूपात ३२ एमबीपुढे गाडी अडते. पुढे तुकडा मोठा करण्याची सोय झाली, तरी इमेज ३२ एमबीशी थांबली तर आधी सर्व्हरची ही मर्यादा तपासावी.

चालत्या नेटवर्कवर मी एससीपीच वापरायला सांगेन, कारण त्यात पासवर्डही लागतो आणि मजकूरही झाकलेला जातो. पण इमेज बिघडून स्विच बूटलोडरच्या प्रॉम्प्टवर अडकला, की अनेक मॉडेलांत तिथून फाइल आणायला आजही टीएफटीपीच हाताशी असतं.