सुट्टी कुणाला, कोंडवाडा कुणाला? शिरूर-दौंडच्या स्वमग्न मुलांचा हिशोब

मे महिना लागला की जिल्हा परिषदेच्या शाळांना कुलूप लागतं. पुण्यात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकतात. शिरूर आणि दौंडच्या वस्त्यांमध्ये मात्र ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलाची परवड सुरू होते. रोजचा ठरलेला क्रम हा या मुलांचा मोठा आधार. तो तुटला की मूल बिथरतं, शिकलेलं मागे पडतं. आई उसाच्या शेतात किंवा वीटभट्टीवर, बाप रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर. मग मूल कुठे? कित्येकदा घरात, बाहेरून कडी लावून. शेजारी म्हणतात, पूर्वजन्मीचं पाप. हेच उत्तर आमच्या बापजाद्यांना जातीबद्दल दिलं गेलं होतं, हे आम्ही विसरलेलो नाही.

हे पाप नाही, हा दुर्लक्षाचा इतिहास आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार आले, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याचं नाव घेतलं. तरी २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाच्या आठ प्रकारांत त्याला स्वतंत्र रकाना मिळाला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तो घेतला आणि मनोरंजन व खेळ हेसुद्धा हक्क मानले. म्हणजे उन्हाळी शिबिर ही चैन नाही, कायद्यातली गोष्ट आहे. पण ज्याची मोजणी नाही, त्याला वाटा नाही, हे आमच्याइतकं कुणाला कळणार?

पैसा नाही, असं सांगतात. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच हिशोब मांडला होता: महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. आजचा हिशोब आपण मांडू. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे आहेत. जिल्हा परिषदेलाही दिव्यांगांसाठी ५ टक्क्यांचं बंधन आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर लावावे लागतात, आणि त्यांत दिव्यांगांचं शिक्षण बसतं. रांजणगाव आणि कुरकुंभ कुणाच्या शिवारात आहेत? राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते. तेव्हा पैसा आहे, मागणारा संघटित नाही.

अनेक गावांत ५ टक्के निधी मार्चअखेरीस थोडा थोडा वाटून संपवला जातो. ज्याला पाचशे-हजार मिळाले त्याला आम्ही दोष देत नाही. पण त्या वाटपातून शिबिर उभं राहत नाही. लहान ग्रामपंचायतीचं उत्पन्न तुटपुंजं असतं, म्हणून पाच-सहा गावांनी ठराव करून एकत्र शिबिर घ्यावं आणि उरलेला भार जिल्हा परिषद व कारखान्यांकडे मागावा. मुख्य खर्च प्रशिक्षित विशेष शिक्षकाचं मानधन आणि मुलांना आणण्या-नेण्याची गाडी. जागा शाळेची, सुट्टीत ती रिकामीच असते. मुलं कमी घ्या, वेळ सकाळची ठेवा, रोजचा क्रम चित्रांतून दाखवा, गोंगाट टाळा. आईलाही शिकवा, कारण जूननंतर तीच शिक्षक आहे.

आता चळवळीलाही प्रश्न. उन्हाळ्यात आमच्या विहारांत श्रामणेर शिबिरं, बालसंस्कार शिबिरं होतात. त्यांत गप्प बसू न शकणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाला आम्ही जागा दिली का? त्याच्या आईला ‘घरी घेऊन जा’ असंच सांगितलं असेल, तर बहिष्कार आम्हीही केला. करुणेचं नाव घ्यायचं आणि मूल दाराबाहेर ठेवायचं, हे चालणार नाही.

काम साधं आहे. आधी वस्तीतल्या मुलांची यादी करा. तपासणी, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी कुटुंबासोबत जा. माहितीच्या अधिकारात ५ टक्क्यांचा तीन वर्षांचा हिशोब मागा. १ मेच्या ग्रामसभेत विषय काढला तर सुट्टी सुरू झालेली असते, म्हणून ठराव २६ जानेवारीलाच हवा.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते. आम्हीही दरवर्षी त्या दिवशी शिरूरच्या वेशीवर येतो. मानवंदना आणि ग्रामसभा यांत पंचवीस दिवसांचं अंतर आहे. एवढ्या दिवसांत एका गावाची यादी नक्की होते.

जय भीम!