डिस्क ‘सापडत नाही’ म्हणजे काय? स्टोरेज ड्रायव्हरचा छोटासा इतिहास

नव्या लॅपटॉपवर तुम्ही विंडोज पुन्हा टाकायला बसता आणि इन्स्टॉलर म्हणतो, एकही डिस्क सापडली नाही. डिस्क तर आतच आहे, सकाळपर्यंत चालतही होती. मग गेली कुठे? तुमच्यापैकी अनेकांच्या मुलाखती, फोटो, प्रकरणांचे मसुदे असं सगळं एकाच लॅपटॉपवर असतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर माहीत असायलाच हवं, आणि ते इतिहासात सापडतं.

आधी मूळ गोष्ट. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कशी थेट बोलत नाही. मध्ये कंट्रोलर असतो आणि त्याची भाषा जाणणारा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. दुभाषा नसेल तर समोरचा माणूस हजर असूनही संवाद होत नाही. ‘डिस्क सापडली नाही’चा अर्थ बरेचदा एवढाच असतो.

आता तारखा लावून बघू. विंडोज एक्सपी आलं 2001 मध्ये. साटा डिस्कसाठीची एएचसीआय ही नवी पद्धत आली 2004 मध्ये. तिच्यात एका पोर्टवर 32 आज्ञा रांगेत ठेवता येत. पण एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हर असणार कसा? सीडी आधीची, पद्धत नंतरची! मग इन्स्टॉल करताना एफ6 दाबायचं आणि फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा. तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपीच गायब होऊ लागली होती. अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये जुन्या आयडीई पद्धतीने चालण्याचा पर्याय असे, त्यावर लोक भागवायचे. पुढे व्हिस्टामध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आतूनच आला आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

दरम्यान इंटेलचं मॅट्रिक्स स्टोरेज मॅनेजर हे व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर आलं होतं. 2010 मध्ये त्याचं नाव रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी झालं. त्याचं मुख्य काम रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करणं. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क एकच! मग हे सॉफ्टवेअर तिथे टिकलं कसं? त्याला नवी कामं मिळत गेली. 2011 मध्ये छोटी एसएसडी हार्ड डिस्कची कॅश म्हणून वापरायची सोय आली, 2017 मध्ये 16 आणि 32 जीबीची ऑप्टेन मेमरी आली. 2022 मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळायचं जाहीर केलं.

मधल्या काळात 2011 मध्ये एनव्हीएमई आलं. एसएसडी आता साटा कंट्रोलरला वगळून थेट पीसीआय एक्सप्रेसवर बोलू लागली. तिला रॅपिड स्टोरेजच्या छत्राखाली ठेवायचं तर तिला त्या कंट्रोलरआड लपवावं लागे. 2016 मध्ये लेनोव्होच्या योगा 900 मालिकेतल्या एका लॅपटॉपवर यामुळेच लिनक्सला एसएसडी दिसेना. नंतर कंपनीने एएचसीआयचा पर्याय देणारं बायोस दिलं. 2020 मध्ये अकराव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये व्हीएमडी आलं, जे आधी सर्व्हरमध्ये होतं. विंडोज 10 च्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नव्हता. मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबा आणि पेन ड्राइव्हवरून द्या. एफ6 आणि फ्लॉपीचीच ही नवी आवृत्ती, नाही का?

संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? ‘कंपनीने मुद्दाम केलं’ हे स्पष्टीकरण चटकन सुचतं. पण कालक्रम लावला की दुसरं कारण दिसतं: हार्डवेअर पुढे गेलं आणि इन्स्टॉलर मागे राहिला. हेच दोनदा घडलं. नावं बदलली, रचना तीच राहिली. तुमच्या विषयातही नवं नाव म्हणजे नवी गोष्ट असं धरून चालू नका.

आणि व्यवहारातलं. डिस्क दिसली नाही म्हणून घाबरून फॉरमॅट करू नका, आधी ड्रायव्हर द्या. चालू विंडोजवर बायोसमधला स्टोरेज मोड बदलला तर ते सुरूच न होण्याची शक्यता असते आणि बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी लिहून ठेवा, बॅकअप घ्या. कॅश म्हणून जोडलेली एसएसडी सॉफ्टवेअरमधून जोडी सोडवल्याशिवाय काढू नका.

आता डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘स्टोरेज कंट्रोलर्स’खाली काय लिहिलंय ते वाचा. तुमचा लॅपटॉप या इतिहासात कुठे बसतो, ते तिथून कळायला सुरुवात होईल.