'मिळत नाही' आणि 'नाही'

लघुप्रबंधांचे विषय ठरवण्याचे दिवस आले, की आम्हां शिक्षकांच्या कानी एक वाक्य हमखास पडते : 'सर, ह्या विषयावर काहीच मिळत नाही.' हे म्हणणारा विद्यार्थी आळशी असतोच असे नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर त्याने शीर्षक घालून पाहिलेले असते, महाजालही धुंडाळलेले असते. परंतु 'मिळत नाही' येथून 'नाही' येथपर्यंत तो एका उडीत पोहोचतो, आणि मग प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात 'ह्या विषयाकडे आजवर कोणाचेही लक्ष गेलेले नाही' असे विधान अवतरते. ही उडी किती महागात पडते, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने, स्त्रियांवर होणाऱ्या दोषारोपांना उत्तर म्हणून लिहिलेले हे छोटेखानी पुस्तक पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. मधली त्र्याण्णव वर्षे मराठी गद्याविषयी आणि सुधारणेच्या चळवळीविषयी जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखनाच्या लेखी हे पुस्तक जणू नव्हतेच. वस्तुतः ते होते. १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतलेली होती. धागा छापील स्वरूपात उपलब्ध होता. तो धरून मागे जाणारा वाचक मात्र हवा होता. ज्या मालशे यांनी हे पुस्तक उजेडात आणले, त्यांनीच विद्यार्थ्यांसाठी 'शोधनिबंधाची लेखनपद्धती' लिहावे, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही.

असे धागे टिकवण्याचे काम कोणी केले? पहिला वाटा, गंमत म्हणजे, सरकारी धाकाचा आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणे आणि प्रती सरकारात देणे मुद्रकांवर बंधनकारक झाले. त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. हेतू नजर ठेवण्याचा असेल. पण न्यायमूर्ती रानडे यांना १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेताना अशाच नोंदींचा आधार मिळाला. काही पुस्तके लंडनलाही गेली, आणि ब्लूमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती मुद्रित पुस्तकांची तालिका १८९२ मध्ये छापली. आपले पुस्तक आपल्या गावी न सापडता परक्याच्या यादीत सापडावे, हा अनुभव जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकाला नवा नाही.

दुसरा आणि मोठा वाटा शंकर गणेश दाते यांचा. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची त्यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केली. १९३८ ते १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. दाते १९६४ मध्ये निवर्तले. दाते, काळे आणि बर्वे यांच्या नावाने १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ मध्ये प्रकाशात आणली. सूचीकाराला ना कवीचा मान, ना समीक्षकाचा दबदबा. पण विषय निवडलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात कोणाचे बोट धरावे असे विचारल्यास, आम्ही समीक्षकाआधी सूचीकाराचे नाव घेऊ.

तिसरा वाटा ग्रंथपालाचा. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे पहिले सूत्र; वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे. संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला त्याच्या नेमक्या ग्रंथापर्यंत पोहोचवणे, हे त्यांच्या लेखी ग्रंथालयाच्या कामाचे मर्म होते. आपल्या विद्यार्थ्याला मात्र संदर्भ विभागाच्या टेबलाशी जाऊन प्रश्न विचारणे हे अज्ञानाची कबुली दिल्यासारखे वाटते. हा संकोच त्याने आमच्याकडूनच उचलला आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्यापैकी किती जणांनी आपला वर्ग घेऊन तालिकेचे कप्पे दाखवले? किती जणांनी ग्रंथपालाला एखादी तासिका दिली?

आज साधने वाढली आहेत. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर पीएच. डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर येऊ लागले, आणि आपल्या विषयावर आधी कोणी काम केले आहे हे घरबसल्या पाहता येऊ लागले. तथापि, संगणक विचारले तेवढेच सांगतो. 'स्त्रीपुरुषतुलना' जोडून लिहिले तर एक उत्तर, तोडून लिहिले तर दुसरे. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार आहेत, मुखपृष्ठावर शक आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढावा, अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना दोन्ही रूपे शोधावीत, शीर्षकाने न मिळाल्यास लेखकाच्या नावाने पाहावे, आणि तरीही हाती काही न लागल्यास दाते सूची उघडावी. सूचीत नोंद आहे पण आपल्या ग्रंथालयात प्रत नाही, असे आढळले तर आंतरग्रंथालयीन देवघेवीविषयी ग्रंथपालाला विचारावे. एवढी पायपीट झाल्यावरच 'मिळत नाही' म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. आणि तेव्हाही कोठे कोठे पाहिले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तेथून पुढे जाता येईल.

'नाही' हे विधान संशोधनात सर्वांत जड असते. ते हलकेपणाने केले, की एखाद्या ताराबाईला आणखी काही दशके अंधारात राहावे लागते. म्हणून यंदा विषय मंजूर करताना आम्ही एक अट घातली आहे : आराखड्यासोबत पाहिलेल्या सूचींची यादी जोडावी, आणि संदर्भ विभागात कोणता प्रश्न विचारला तेही लिहावे. उत्तर काय मिळाले, हे आम्ही नंतर पाहू.