टॅपेट व कॅमशाफ्टची झीज (लहान विमानांची पिस्टन इंजिने)

टॅपेट व कॅमशाफ्टची झीज : पिस्टन इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील लोब आणि त्यांवर घासत चालणारे टॅपेट यांचा कडक केलेला पृष्ठभाग आधी खळ्या पडून आणि मग खपल्या निघून नष्ट होणे. सेस्ना १७२ आणि पायपर चेरोकी या विमानांत मोठ्या संख्येने बसवलेल्या लायकमिंग ओ-३२० व ओ-३६० इंजिनांत हा दोष विशेष परिचित आहे. ठरलेल्या ओव्हरहॉलची वेळ येण्याआधीच इंजिन खोलावे लागते, त्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक. इंजिनाचे वय उड्डाणाच्या तासांत मोजण्याचा प्रघात असल्यामुळे ही झीजही तासांच्याच खात्यावर मांडली जाते. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगतो. हे भाग चालून जितके झिजतात, त्याहून अधिक उभे राहून बिघडतात.

रचना : या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. लोबना तेल मिळते ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून. इंजिन थांबले की तेल निथळून तळाच्या टाकीत जाते आणि दिवस जातील तसा वरच्या धातूवरचा तेलाचा पापुद्रा विरळ होतो. कॉन्टिनेंटल कंपनीच्या याच वर्गातील इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली, म्हणजे तेलाच्या जवळ असतो. चार सिलिंडरांच्या लायकमिंगमध्ये समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक व्हॉल्व्ह एकाच लोबवर चालतात, त्यामुळे त्या लोबला दुप्पट काम पडते. क्रँकशाफ्ट मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट १,२०० घेतो. २,००० तासांत हे फेरे १४ कोटी ४० लाख होतात आणि सामायिक लोब त्याच्या दुप्पट वेळा टॅपेट उचलतो. निरोगी पृष्ठभाग हे ओझे पेलतो, आणि ओव्हरहॉलसाठीची २,००० तासांची शिफारस त्याच भरवशावर उभी आहे. प्रश्न निर्माण होतो तो पृष्ठभागाला गंजाचा पहिला ठिपका लागल्यावर. जळलेल्या इंधनाची वाफ आणि आम्ल पिस्टनच्या कड्यांवरून निसटून क्रँककेसमध्ये येतात, आणि इंजिन थंड झाले की त्या वाफेचे पाणी उघड्या पडलेल्या धातूवर जमते. ठिपक्याची खोली नगण्य असते, पण लोब आणि टॅपेट एकमेकांना स्पर्श करतात ती जागाही अरुंद असते. सगळा दाब खळीच्या कडेवर येतो, तिथून बारीक भेग निघते आणि कडक थराची खपली सुटते. मग लोबचे टोक बोथट होत जाते.

शोध : कॉम्प्रेशनच्या चाचणीत हा दोष दिसत नाही, कारण त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. त्याचा माग तेलाच्या फिल्टरमध्ये लागतो. फिल्टरचा डबा कापून आतला घडीदार कागद सोडवतात, त्यातले तेल द्रावकाने धुऊन खाली बसलेला गाळ पांढऱ्या कापडावर पसरतात आणि त्यावरून चुंबक फिरवतात. काळी, ठिसूळ चुरी बहुधा कार्बनची. चुंबकाला न चिकटणारे चमकदार कण ॲल्युमिनियमचे असू शकतात. केसासारखे किंवा खपलीसारखे, चुंबकाकडे उडी घेणारे तुकडे मात्र पोलादाचे; ते निघाले की कॅम आणि टॅपेटवर पहिला संशय घ्यावा. पुढची पायरी म्हणजे रॉकरचे झाकण काढून डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजणे. एकाची उचल इतरांपेक्षा कमी भरली तर त्याचा लोब झिजलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन अशा वेळी सहसा एकाएकी बंद पडत नाही. त्याची ताकद हळूहळू कमी होते आणि उन्हाच्या दिवशी, छोट्या धावपट्टीवर, एकटा विद्यार्थी चालवत असताना ती उणीव भासते. म्हणून फिल्टर कापण्याचा कंटाळा हा क्षम्य कंटाळा नव्हे.

कारणमीमांसा : मूळ दोष धातूचा किंवा रचनेचा आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्याला आधारही आहे. १९७७च्या सेस्ना १७२ एनमध्ये आलेल्या ओ-३२०-एच२एडी इंजिनाचे टॅपेट इतके खराब होऊ लागले, की अमेरिकी विमान प्रशासनाने १९८०च्या आदेशाने तेलात एलडब्ल्यू-१६७०२ हे मिश्रण घालणे सक्तीचे केले. १९८१च्या १७२ पीमध्ये सेस्नाने ते इंजिनच सोडून दिले. पण हे उदाहरण एका मॉडेलचे आहे. वेगळी रचना असलेल्या इंजिनांतही तोच दोष का आढळतो, याचा उलगडा त्यातून होत नाही. दुसरा आक्षेप असा, की रोज उडणाऱ्या इंजिनांचेही टॅपेट कधीकधी जातात आणि कॅम खाली असलेल्या कॉन्टिनेंटलमध्येही खपल्या निघतात. हे खरे आहे. गंज हे एकमेव कारण आहे असा दावा करता येणार नाही. तरी उत्पादकाच्याच कागदांकडे पाहावे. लायकमिंगने ओव्हरहॉलसाठी तासांसोबत १२ वर्षांची मुदतही दिली आहे, तेल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगितले आहे, आणि महिन्याला ४० तास किंवा अधिक उडणाऱ्या इंजिनांना २०० तासांची वाढ देऊ केली आहे. अधिक चालणाऱ्याला अधिक आयुष्य, हा हिशेब झीज केवळ तासांनी होत असती तर मांडताच आला नसता.

उपाय : उड्डाण. लायकमिंगच्या सूचनेनुसार तेलाचे तापमान निदान ७४ अंश सेल्सिअसवर जाऊन तेथे टिकले पाहिजे, तरच साठलेले पाणी वाफ होऊन निघून जाते. जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवणे किंवा पंखा हाताने फिरवणे हे उपाय म्हणून लोकप्रिय असले तरी उत्पादक त्यापासून परावृत्त करतो, कारण पहिल्याने नवे पाणी तयार होते आणि दुसऱ्याने उरलासुरला पापुद्रा पुसला जातो. विमान उडणारच नसेल तर संरक्षक तेल भरून आणि सिलिंडरमध्ये आर्द्रताशोषक प्लग लावून ते रीतसर बंद करावे. दर काही वर्षांनी इंजिन उघडून खात्री करून घ्यावी, हा सल्ला मात्र तपासून घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांची आकडेवारी पाहताना शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांना नियोजित तपासणीच्या लगेच नंतर बिघाड वाढलेले आढळले. निरोगी यंत्र उघडण्यालाही किंमत असते.

रोलर टॅपेट : नव्या लायकमिंग इंजिनांत वापरतात; त्यांत टॅपेट लोबवर घासण्याऐवजी घरंगळतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचा संबंध समुद्रालगतच्या जुहूशी आणि पुढे धुळ्याशी आला. या दोन ठिकाणांची हवा एक नाही, आणि पावसाळ्यात उड्डाणे खोळंबतात तेव्हा दोन विमानांच्या लॉगबुकांतले सारखे तास सारखी प्रकृती दाखवत नाहीत. जुने विमान घेणाऱ्याने आणि ते तपासणाऱ्याने एकूण तासांच्या आकड्याआधी दोन उड्डाणांमधल्या तारखा वाचाव्यात, कारण टॅपेट प्रत्यक्ष पाहणे सोपे नाही. लायकमिंगच्या बहुतेक मॉडेलांत टॅपेटचे डोके छत्रीसारखे रुंद असते. क्रँककेसचे दोन्ही भाग वेगळे केल्याशिवाय असे टॅपेट बाहेर काढता येत नाहीत.